नारिंगी दिव्यातलं न्हाणं

त्या दिवसांत आत्याला भेटायला येणारा प्रत्येक जण चपला काढता काढता एकच विचारायचा, "दिवा कुठला आहे?"

हिरवा म्हटलं की आत जायचे, पाया पडायचे, गप्पा मारायचे. नारिंगी म्हटलं की आवाज खाली यायचा. "असू दे, पडू दे त्यांना," म्हणत अण्णांशीच दोन शब्द बोलून परत निघायचे. आत्या पडलेली नसायची. आतल्या खोलीत खिडकीपाशी खुर्चीत बसून ती सगळं ऐकत असायची.

"भरत्या," ती एकदा अण्णांना म्हणाली, "मी काय कॉलेज कॉर्नरचा सिग्नल आहे रे? लोक माझ्यापाशी येऊन थांबायला लागलेत."

दिवा हिरवा होता, म्हणून आम्ही खळखळून हसलो. नारिंगी असता तर ते वाक्य आम्ही ऐकलंच नसतं.

आत्या म्हणजे इंदुमती चौगुले. वय ब्याण्णव. माझ्या वडिलांची, म्हणजे अण्णांची आत्या, पण घरात आणि सोसायटीत ती सगळ्यांचीच आत्या. लग्नानंतर दोन वर्षांत नवरा गेला, तशी ती सांगलीला भावाकडे आली आणि टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर म्हणून लागली. पुढे डायल आले, एसटीडी आलं. आत्या निवृत्तीपर्यंत कानाला हेडफोन लावून बसलेलीच. अण्णांना तिनेच न्हाऊमाखू घातलं, मलाही. माझी आई मी अकरावीत असताना गेली. म्हणून पहिल्या बाळंतपणाला मी माहेरी निघाले तेव्हा ऋषभने, माझ्या नवऱ्याने, सरळ विचारलं, "तिकडे तुझं करणार कोण, विदिशा? अण्णा की ब्याण्णव वर्षांची आत्या?"

"आत्या," मी ठसक्यात म्हणाले.

आले, तर आत्या अर्धी निघून गेलेली होती. "विदू, केवढं पोट आलंय गं! कितवा?" असं ती मोठ्या कौतुकाने विचारायची. मी सांगायचे. पाण्याचं भांडं खाली ठेवेपर्यंत पुन्हा त्याच कौतुकाने, "विदू, केवढं पोट आलंय गं!" अण्णा माझ्याकडे बघायचे नाहीत. ते आमटी ढवळत राहायचे.

मिरजेच्या डॉ. आयेशा मुजावरांकडे आम्ही गेलो ते फार आशेने नव्हे. त्या फक्त फार म्हाताऱ्या माणसांना तपासतात. त्यांनी आत्याच्या मनगटाची, मानेची, घोट्याची नाडी एका वेळी तीन चिमट्यांनी मोजली आणि पडद्यावरच्या तीन लाटा आम्हाला दाखवल्या.

"तरुणपणी हृदयातून निघणारी मोठी धमनी रबरी नळीसारखी असते," त्या म्हणाल्या. "हृदयाने रक्त ढकललं की ती फुगते, आणि पुढचा ठोका येईपर्यंत हळूहळू आवळत तेच रक्त पुढे सरकवत राहते. म्हणून हृदय थांबून थांबून ढकलत असलं तरी मेंदूला रक्त सलग मिळतं. आता या वयात ती नळी झाली लोखंडी पाइप. तुमच्या सोसायटीत पंप सुरू झाला की पाइप दणकतात ना?"

"दणकतात की," अण्णा म्हणाले. "तिसऱ्या मजल्यापर्यंत ऐकू येतं."

"तसंच. ठोका पडला की मेंदूतल्या केसाहून बारीक वाहिन्यांवर दणका बसतो, आणि दोन ठोक्यांच्या मध्ये त्या कोरड्या पडतात. दणका आणि कोरड, दणका आणि कोरड. काही वाहिन्या त्यात बुजतात. पण पुष्कळशा नुसत्या उपाशी असतात."

"मग पाइप बदलायचे?"

"या वयात पाइप नाही बदलत, चौगुले. वेळ सांभाळायची."

उपाय म्हणजे पोटऱ्यांवर बांधायचे दोन मऊ पट्टे. दोन ठोक्यांमधल्या त्या कोरड्या फटीत पट्टे घोट्याकडून गुडघ्याकडे लाटेसारखे आवळतात आणि पायांतलं रक्त वर पाठवतात. ही कल्पना जुनीच, हृदयरोग्यांना असे पट्टे बांधून खाटेवर झोपवायचे दिवस अण्णांना आठवत होते. नवं होतं ते वेळेचं गणित. प्रत्येक म्हाताऱ्या शरीरात लाट वेगळ्या क्षणी जाते, वेगळ्या क्षणी परत फिरते. चुकीच्या क्षणी आवळलं तर उलट हृदयालाच धक्का. म्हणून कानामागे टिकलीएवढी एक चकती चिकटवायची. ती हाडातून आत प्रकाश सोडून मेंदूत किती प्राणवायू पोचतोय ते बघते, आणि पट्टे त्यावरून त्या एका माणसाची लय शिकत जातात. किती पोचतंय ते मनगटावरच्या पट्टीवर दिसतं. पुरेसं असेल तर हिरवा ठिपका, कमी पडलं तर नारिंगी.

"जे बुजलंय ते उघडणार नाही," डॉक्टरांनी बजावलं. "जे उपाशी आहे त्याला जेवण मिळेल, एवढंच. आणि नारिंगी असताना गॅस नको, जिना नको, बाळ नको."

पट्टे सकाळ-संध्याकाळ बांधायला लागलो. आत्या म्हणायची, "कोण माझे पाय दाबतंय? भरत्या, तू सुधारलास की काय?" काही आठवडे एवढंच. मग एका दुपारी जेवताना तिने वाटी खाली ठेवली.

"ही आमटी कोणी केली?"

"मी," अण्णा म्हणाले.

"ह्यात मीठ नाही."

"डॉक्टरांनी कमी करायला सांगितलंय आत्या."

"कधी?"

"झालं की वर्ष."

"म्हणजे वर्षभर तू मला हे गरम पाणी पाजतोयस, आणि मी पितेय?" ती माझ्याकडे वळली. पोटाकडे पाहिलं, चेहऱ्याकडे पाहिलं. "आणि हिला आठवा लागला तरी कोणी डोहाळजेवण केलं नाही. घरात बाई माणूस नाही म्हणून काय झालं? मी मेले होते?"

अण्णा पळी हातात धरून तिथेच रडायला लागले. आत्या म्हणाली, "आता त्यात पाणी नको घालूस आणखी." आजही कोणी मला विज्ञानाने माणसाचं काय भलं केलं असं विचारलं, तर मला ती आमटी आठवते.

मुलगी झाली. बारसं व्हायचं होतं तोवर चिमी म्हणत होतो. आत्याने तिला पहिल्यांदा मांडीवर घेतलं तेव्हा दिवा स्वच्छ हिरवा होता. तिने चिमीचे तळवे पाहिले, कानांच्या पाळ्या पाहिल्या, मान मागून चाचपली. "न्हाऊ मी घालणार," ती म्हणाली. परवानगी वगैरे काही मागितली नाही.

आणि इथेच घोडं अडलं. सकाळी आत्याचा दिवा हटकून नारिंगी. चिमीला न्हाऊ घालायची वेळ सकाळचीच. मग मी प्लॅस्टिकच्या टबात, समोर मोबाइल टेकवून, व्हिडिओ बघत तिला घालायचे. एक हात मानेखाली, एक हात साबणावर, आणि पोर माशासारखी सुळकन निसटायला बघणारी. ती रडून निळी व्हायची, मी घामाने भिजायचे. आत्या आतल्या खोलीतून ऐकायची.

त्या दिव्याने घराला हळूहळू वळण लावलं होतं. डॉक्टरांनी तीनच गोष्टी सांगितल्या होत्या. अण्णांनी प्रेमापोटी यादी वाढवली. नारिंगीत पेपर वाचून दाखवायचा नाही, डोक्याला ताण. नारिंगीत फोन द्यायचा नाही. पाहुणे नाहीत. मग नारिंगीत तिच्याशी बोलणंच बंद झालं. टीव्ही लावून द्यायचा आणि हिरवा व्हायची वाट बघायची. मीही तेच करत होते. तिच्या खोलीत जाताना माझी नजर आधी मनगटावर जायची, मग चेहऱ्यावर.

पुढच्या तपासणीला डॉक्टरांनी लाटा पाहिल्या. "सकाळीच का पडतंय? आजी, रात्री पाणी किती पिता?"

"सूर्यास्तानंतर नाही," आत्या म्हणाली.

"म्हणजे किती?"

"नाही म्हणजे नाही. आम्हा जैनांत जेवणखाण, पाणी, सगळं उजेडात."

"आणि सकाळी?"

"उठायचं, आंघोळ, मंदिरातलं दर्शन आता जमत नाही तर घरातच नमोकार, मग पाणी."

डॉक्टर मागे रेलून बसल्या. आम्ही तिघेही हे त्यांना सांगायला विसरलो होतो. खरं म्हणजे सांगण्यासारखं काही आहे असं वाटलंच नव्हतं. ज्या घरात सगळेच संध्याकाळनंतर पाणी पीत नाहीत, तिथे ती नोंद करायची गोष्ट नसते. इतके तास पाण्याविना गेले की रक्त आटतं, दाब उतरतो. तरुण शरीर सावरून घेतं, ब्याण्णवचं नाही घेत. अण्णा ओशाळले. मला भीती वाटली की आता डॉक्टर व्रत मोडायला सांगणार आणि आत्या पट्टेच त्यांच्या टेबलावर सोडून उठणार.

"रोजे ठेवणारी माणसं आहेत माझ्या घरात," डॉक्टर म्हणाल्या. "मोडा म्हणणार नाही मी. मावळायच्या आधी दोन पेले जास्त, उजाडल्याबरोबर दोन पेले, नमोकार त्यानंतर. आणि बाळाची आंघोळ अकराला ठेवा."

"तान्ह्याला सकाळीच घालतात आमच्यात," अण्णा पुटपुटले.

"तुला कधी घातलं रे सकाळी?" आत्या म्हणाली. "माझी रात्रपाळी असायची. घरी यायची, झोप काढायची, मग तुला घ्यायची. बारा वाजायचे. मोठा झालासच की. शहाणा झालास का, ते वेगळं."

अकराचं न्हाणं सुरू झालं. अण्णा आत्याला धरून न्हाणीतल्या पाटावर बसवायचे, पाठ भिंतीला. पट्टे काढलेले, तरी त्यांचा असर तासभर टिकायचा. ती पाय लांब करायची, लुगडं गुडघ्यांच्या वर सारायची, आणि मी चिमीला त्या दोन नडग्यांच्या मधल्या खळगीत ठेवायचे. तिथे पोर अशी बसायची की जणू ती जागा तिच्या मापाने कोरलेली. निसटणं नाही, रडणं नाही. आत्याचे हात तेल घेऊन छातीवरून खांद्यांकडे, खांद्यांवरून बोटांकडे जायचे. मग पालथी, मग मसुराचं पीठ आणि साय. चिमी डोळे अर्धे मिटून हुंकार द्यायची. मी दारात उभी राहून बघायचे आणि माझे खांदे आपोआप खाली यायचे. बाळंतपणानंतर पहिल्यांदाच.

असे काही सुखाचे दिवस गेले. मग तो दिवस आला.

दिवा हिरवा होता. दोन बादल्या होत्या, एक कढत, एक गार. रोज मी विसण घालून ठेवायचे. त्या दिवशी मी कढत पाण्यात गार मिसळायला वाकले, तेवढ्यात लक्षात आलं की पंचा बाल्कनीतल्या दोरीवरच राहिलाय. दारावरची बेल वाजली, अण्णा तिकडे गेले. "हिरवा आहे," मी स्वतःशीच म्हटलं, "आलेच मी."

परत आले तेव्हा आत्या चिमीला काहीतरी सांगत होती, गंमतीचं, लाडाचं. तिच्या उजव्या हातातला तांब्या वर उचललेला. तांब्यातून वाफ येत होती.

मी तिचं मनगट धरलं. तांब्या कलंडला, पाणी तिच्याच मांडीवर आणि माझ्या पावलावर सांडलं. चिमीला थेंबही लागला नाही. ती आमच्या दोघींकडे टकमक बघत होती. माझ्या मुठीत आत्याचं मनगट होतं आणि बोटांच्या फटीतून तो हिरवा ठिपका दिसत होता.

"काय झालं गं?" आत्या म्हणाली. मग तिने तांब्याकडे पाहिलं. बादलीकडे. चिमीकडे.

नारिंगी असता तर बरं झालं असतं, असं त्या क्षणी मला वाटलं. कारण तिला सगळं समजलं. अगदी लख्ख समजलं.

"उचल तिला," ती म्हणाली.

मांडीवर फोड आले, ते वाळले. पण आत्या पट्टे बांधू देईना. अण्णांनी समजावलं, रागावले, हात जोडले. "कशाला हवंय साफ डोकं?" ती म्हणाली. "मी काय करणार होते, ते नीट आठवायला?" पट्टे खुर्चीच्या पाठीवर लोंबत राहिले. मनगटावरची पट्टी आणि कानामागची चकती तेवढी अण्णांनी तिला काढू दिली नाही. दिवा दुपारीही नारिंगी राहू लागला. आमटीबद्दल तिने तक्रार करणं सोडलं. मला ते सगळ्यात भयंकर वाटलं.

ऋषभ पुण्याहून फोनवर म्हणाला, "टब आहे, व्हिडिओ आहे. कशाला जीव टांगणीला लावतेस? पोरीला काही झालं असतं तर?"

"हो," मी म्हणाले. तो चुकत नव्हताच. पुन्हा टब आला, पुन्हा रडणं आलं.

चिमीला लस द्यायला मिरजेला गेले, तेव्हा डॉक्टरांच्या दाराशी थांबले. त्या डबा खात होत्या. "हिरवा असताना हे झालंच कसं?" मी विचारलं. आवाज जरा चढलाच असावा.

"तुम्ही तो दिवा म्हणजे काय समजता?"

"डोकं ठिकाणावर आहे की नाही ते."

"नाही हो. रक्त पोचतंय की नाही, एवढंच. शेतात पाणी पोचलं, पीक काय आलंय ते त्याला दिसत नाही." त्यांनी डबा बाजूला सारला. "बाळ सांभाळायचं, त्याच्याशी बोलायचं, आणि त्याच वेळी पाणी कुठलं घेतोय ते ध्यानात ठेवायचं. तीन कामं एकदम. ती एकत्र धरून ठेवणारे मेंदूतले धागे आजींचे काही तुटलेत. ते दिवा हिरवा असला तरी तुटलेलेच. उलट, तेल लावणारे हात मेंदूत फार आत, वेगळ्या ठिकाणी असतात. ते बहुधा नारिंगीतही शाबूत राहतात."

"मग दिव्याचा उपयोग काय?"

"तो मला पट्ट्यांची वेळ लावायला आहे. तुम्हाला दाखवला ही आमची चूक असेल कदाचित." त्या माझ्याकडे बघत होत्या, रागाने नाही. "बघा विदिशा, नारिंगी असताना तुम्ही लोक त्यांना एकटं सोडता. त्या दिवशी हिरवा होता म्हणून एकटं सोडलंत. त्यांच्या बाजूने बघाल तर दोन्ही सारखंच आहे."

परतीच्या रिक्षात चिमी लशीच्या तापाने किरकिरत होती. मी तिला थोपटत राहिले.

दुसऱ्या दिवशी अण्णा बँकेत गेले होते. चिमीला पाजायला मी आत्याच्या खोलीत बसले. दुसरीकडे पंखा नीट चालत नव्हता. दिवा नारिंगी. सवयीप्रमाणे मी गप्प होते. मग म्हटलं, विचारून तर बघू.

"आत्या, तुमच्या एक्स्चेंजमध्ये किती बायका होतात गं?"

उत्तर नाही. ती खिडकीबाहेर बघत राहिली. एरवी मी एवढ्यावर उठून गेले असते. पण चिमी अंगाला लागलेली होती, उठणं शक्यच नव्हतं. पंखा फिरत राहिला. खाली कोणीतरी स्कूटर धूत होतं. मी प्रश्न विसरूनही गेले.

"दहा-बारा," आत्या म्हणाली. "पोरीच होतो सगळ्या."

मी तिच्याकडे वळले.

"जतची लाईन... वाईट होती. इकडून बोललेलं तिकडे उशिरा जायचं. नव्या पोरी... हॅलो हॅलो म्हणायच्या आणि सोडून द्यायच्या." ती थांबली. इतका वेळ, की चिमी एका बाजूला पिऊन झाली, मी तिला दुसऱ्या बाजूला घेतलं. "मी नाही सोडायची. असायचं कोणीतरी पलीकडे. उशिरा का होईना, बोलायचं."

"आणि तू काय करायचीस तोवर?"

"बसायची की. पगार कशाचा घेत होते?"

मी हसले. तीही हसली, जरा उशिराने. किती महिने आम्ही ह्या बाईचं उत्तर वाटेत असतानाच खोलीतून निघून जात होतो, ते मला तेव्हा कळलं. मी चिमीच्या डोक्यावर हनुवटी टेकवली आणि थोडं रडून घेतलं. आत्याने पाहिलं. पुष्कळ वेळाने म्हणाली, "दूध आटतं रडलं की."

त्याच दिवशी अकराच्या सुमाराला, अण्णा परत आल्यावर, मी न्हाणीत पाट मांडला. दोन्ही बादल्यांचं पाणी एकात केलं, विसण घातलं, कोपर बुडवून पाहिलं, पुन्हा पाहिलं. कढत असं काही न्हाणीत ठेवलंच नाही. मग आत्यासमोर जाऊन उकिडवी बसले.

"आत्या, मला जमत नाही. ती निसटते माझ्या हातून. तू फक्त पाय दे आणि हात दे. पाणी मी बघते."

बराच वेळ. मी हललेच नाही.

"दिवा कुठलाय?" तिने विचारलं.

"नारिंगी."

"मग?"

"मग मी आहे की. कुठे जातेय?"

अण्णा मागून म्हणाले, "विदू, अगं डॉक्टरांनी..." मी त्यांच्याकडे पाहिलं. "अण्णा, तुम्हीही या. आत्याच्या पाठीशी बसा. आज कोणीच कुठे जायचं नाही." बेल वाजली तर वाजू दे, असं मी ठरवूनच टाकलं होतं.

आत्या तिच्या हातांकडे बघत होती. बोटं थरथरत होती. "पुन्हा तसं झालं तर?" तिने विचारलं. आवाज इतका बारीक होता की तो तिचा वाटेना.

"तांब्या माझ्या हातात असेल. तुझ्या हातात नाहीच देणार. मागितलास तरी."

"कडक आहेस."

"तुझ्यावर गेलेय."

ती उठली. अण्णांनी तिला पाटावर बसवलं आणि मागे भिंतीला टेकून स्वतःच तिचं टेकण झाले. आत्याने पाय लांब केले. एका मांडीवर फोडांचे गुलाबी डाग होते. मी चिमीला तिच्या नडग्यांमध्ये ठेवलं आणि माझे दोन्ही हात पाण्याच्या भांड्यापाशी नेले.

काही क्षण काहीच झालं नाही. चिमी लाथा मारत होती. आत्या बघत होती, जणू हे काय आहे ते ओळखायचा प्रयत्न करत होती. माझा हात चिमीला उचलायला निघाला होता. मी तो मांडीखाली दाबून धरला. मग आत्याच्या तळव्याला तेलाची वाटी लागली, आणि हातांना आठवलं. छातीवरून खांद्यांकडे. खांद्यांवरून बोटांकडे. थरथर कुठे गेली कोण जाणे. चिमीने एक लांब हुंकार दिला.

"भरत्या गुटगुटीत झालाय," आत्या चिमीला म्हणाली.

तिच्या पाठीमागे एकसष्ट वर्षांचे अण्णा ओठ घट्ट मिटून बसले होते. "हो आत्या," ते म्हणाले.

"पाणी," ती म्हणाली. मी तांब्यातलं पाणी आधी तिच्या हातावर सोडलं. तिने मान हलवली, तशी चिमीच्या पोटावर. ती चोळत गेली, मी ओतत गेले. मध्येच तिचे हात थांबायचे, तेव्हा मीही थांबायचे. घाई कोणालाच नव्हती. पालथी करताना तिने मान अशी अलगद पंज्यात झेलली की मला ते कितीही व्हिडिओ बघून कधी आलं नसतं. शेवटचं पाणी ओतून झालं. अण्णांनी पुढे होऊन पंच्यात पोर घेतली आणि ते तिला पुसायला बाहेर गेले. चिमी त्यांच्या खांद्यावर पोचायच्या आतच झोपली होती.

मी आत्याचे पाय कोरडे करायला बसले. तिने मला नीट न्याहाळलं. केसांपासून पावलांपर्यंत.

"कोण गं तू?"

 नाव सांगणार होते. सांगून तिला आठवलं नसतं तर ती पुन्हा घाबरली असती. "बाळाची आई," मी म्हणाले.

"ते दिसतंय. बाळंतीण आहेस. आणि ही दशा? डोळे बघ कसे खोल गेलेत. तुझं कोण करतंय?"

मी तिच्या पायाची बोटं टिपत राहिले. ह्या प्रश्नाचं उत्तर पुण्याहून निघतानाच मी ठसक्यात दिलं होतं. आता ते तोंडातून येईना.

"आई नाही का तुला?"

मी मान हलवली.

 नळाच्या तोटीतून थेंब पडत होते. मग तिने वाटीत उरलेलं तेल तळहातावर घेतलं, दोन्ही तळवे एकमेकांवर चोळून ऊब आणली आणि ओल्या फरशीवर आपल्या पायांपाशी बोट दाखवलं.

"उद्या मला आधी ते पाय दाबायचं लावून दे, पोटऱ्या भरून येतात," ती म्हणाली. "आणि आता इथे ये. बस खाली. वेणी सोड."

मी वेणी सोडली आणि तिच्या पायांपाशी पाठ करून बसले. तिचे हात माझ्या टाळूवर आले.